पंपाच्या पोटात: थ्रीडी मॉडेलचा छेद कसा घ्यावा

विहिरीवर बसवलेला सेंट्रिफ्युगल पंप बाहेरून पाहिला तर फार थोडे कळते. वळत गेलेले ओतीव केसिंग, पाणी आत घेणारे आणि बाहेर सोडणारे दोन फ्लँज, मागे बेअरिंगचे घर आणि त्यातून डोकावणारा शाफ्ट, इतकेच दिसते. पाणी उचलणारे सगळे आत असते: इम्पेलर, त्याच्या तोंडाशी बसवलेली वेअर रिंग, शाफ्टवरची की, पाणी अडवणारे पॅकिंग, ते दाबून धरणारा ग्लँड.

ड्रॉइंगमध्ये आतल्या कडा तुटक रेषांनी दाखवायची सोय आहे. साध्या बुशला ती पुरते. पंपाच्या ड्रॉइंगमध्ये मात्र या सगळ्या भागांच्या तुटक रेषा एकमेकींवर चढतात आणि कोणती रेषा कोणाची, हे काढणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. म्हणून छेद घ्यायचा, म्हणजेच कारखान्याच्या बोलीत सेक्शन काढायचा.

आज मॉडेल तयार असले की सेक्शन दोनचार क्लिकमध्ये हाती येतो. त्यामुळे छेद हे सॉफ्टवेअरचेच काम आहे, असा समज शिकणाऱ्या मुलामुलींमध्ये पसरला आहे. तो मला घातक वाटतो. कापण्याचे कष्ट सॉफ्टवेअर घेते. पण कुठे कापायचे, कोणत्या बाजूने पाहायचे आणि कशाला मुळीच हात लावायचा नाही, हे ड्रॉइंग काढणाऱ्यानेच ठरवायचे असते. ते ठरवता आले नाही, तर भूमितीच्या दृष्टीने अचूक पण कारखान्यात निरुपयोगी अशी शीट तयार होते.

कापले म्हणजे काय केले

वस्तूतून एक सपाट प्रतल गेले आहे अशी कल्पना करायची. प्रतलाच्या अलीकडचा, म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्याकडे काटकोनात पाहायचे. जिथे प्रतल प्रत्यक्ष धातूतून गेले तिथे तिरप्या बारीक रेषा, म्हणजे हॅचिंग, मारायचे. प्रतल पोकळीतून गेले असेल तर ती जागा कोरी राहते आणि तिच्यामागे जे दिसते ते नेहमीच्या ठळक रेषांनी येते. मागच्या कडा विसरणे ही हाताने ड्रॉइंग शिकणाऱ्यांची हमखास होणारी चूक. मॉडेलवरून काढलेल्या छेदात ती होत नाही, हा संगणकाचा खरा फायदा.

ही रीत जुनी आहे. घनवस्तू आणि तिचे छेद कागदावर शास्त्रशुद्ध उतरवण्याची पद्धत फ्रेंच गणिती गास्पार माँज यांनी बसवली आणि वर्णनात्मक भूमितीवरची त्यांची व्याख्याने १७९९ साली पुस्तकरूपाने आली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोची एसपी ४६ ही पुस्तिका डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांत नियमांसाठी प्रमाण मानली जाते. प्रतल कुठून गेले हे दुसऱ्या दृश्यात बारीक साखळी रेषेने दाखवायचे. रेषेची टोके आणि वळणे जाड करायची. पाहण्याची दिशा बाणांनी आणि छेदाचे नाव ए–ए, बी–बी अशा अक्षरांनी द्यायचे. छेददृश्यात तुटक रेषा शक्यतो काढायच्याच नाहीत. त्या टाळण्यासाठीच तर कापले.

प्रतल कुठून न्यायचे यावर सारे अवलंबून असते. भेंडी आडवी चिरली तर पाकळ्यांसारखे कप्पे दिसतात, उभी चिरली तर बियांची रांग दिसते. भेंडी तीच, पण एका कापातून दुसऱ्याचा अंदाज येत नाही. पंपाचेही तसेच. शाफ्टच्या अक्षातून उभे कापले तर भाग एकात एक कसे बसलेत ते कळते. शाफ्टला काटकोनात, इम्पेलरच्या मध्यातून कापले तर पात्यांचा बाक आणि केसिंगमधली वाढत जाणारी वाट दिसते.

एका नावाखाली तीन वेगळी कामे

सॉफ्टवेअरमध्ये ‘सेक्शन’ हा शब्द तीन निरनिराळ्या कामांना लावला जातो आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

पहिले काम नुसते पाहण्याचे. मॉडेलचा अर्धा भाग पडद्यावर तात्पुरता झाकायचा, आत डोकवायचे, परत पूर्ववत करायचे. मॉडेल अखंडच राहते. दुसरे काम खरोखर कापण्याचे: घनाचे दोन तुकडे होतात, एक ठेवता येतो, दुसरा टाकता येतो. तिसरे काम ड्रॉइंगसाठी छेददृश्य काढण्याचे: मॉडेल अखंड राहते आणि शीटवर हॅचिंगसह, नावासह एक द्विमितीय दृश्य उमटते.

पुष्कळजण तिसऱ्या कामासाठी दुसरे हत्यार वापरतात. मॉडेलची प्रत करायची, ती कापून टाकायची, तिचेच दृश्य शीटवर ठेवायचे. त्या दिवशी काम भागते. पण पुढे कोणी केसिंगची जाडी ८ मिमीची १० मिमी केली की मूळ मॉडेल बदलते आणि कापलेली प्रत जुनीच राहते. शीटवर एका दृश्यात १० आणि छेदात ८ अशी मापे जातात. पॅटर्न बनवणाऱ्याने कोणते माप धरायचे? छेददृश्य मूळ मॉडेलशी जोडलेले असावे हा आग्रह त्यासाठीच.

पडद्यामागे काय घडते

नुसते पाहण्याच्या कामात फारसे गणित नसते. प्रतलाच्या एका बाजूला पडणारे बिंदू ग्राफिक्स कार्ड काढतच नाही. मात्र पडद्यावर जे दिसते ते मॉडेलच्या पृष्ठभागांचे पातळ कवच असते. त्यामुळे नुसते झाकले तर भरीव शाफ्टही नळीसारखा पोकळ दिसतो. उघडे पडलेले तोंड रंगाने भरून घेण्याची पायरी सॉफ्टवेअर वेगळी करते. कधी भरीव वस्तू पोकळ दिसली, तर ही पायरी बंद आहे किंवा मॉडेल मुळात भरीवच नाही, असे समजावे.

खऱ्या छेदाचे काम मॉडेलिंग कर्नल करते. कर्नल म्हणजे सॉफ्टवेअरच्या पोटातला भूमितीचा भाग. सॉलिडवर्क्समध्ये पॅरासॉलिड आहे, फ्रीकॅडमध्ये ओपन कॅस्केड. त्यांच्या लेखी घनवस्तू म्हणजे पृष्ठे, कडा आणि कोपरे यांची एकमेकांना नीट जोडलेली बंद रचना. या विचारावरचे पायाभूत काम १९७०च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात इयन ब्रेड यांनी केले. छेद घेताना कर्नल प्रतल आणि प्रत्येक पृष्ठ कुठे भेटतात ते शोधते. दंडगोल आडवा कापला तर वर्तुळ मिळते, तिरका कापला तर लंबवर्तुळ, अक्षाला समांतर कापला तर दोन सरळ रेषा. गोलाई दिलेल्या कोपऱ्यांवर चौथ्या घाताचे वक्र येऊ शकतात. इम्पेलरच्या पात्यासारख्या मुक्त पृष्ठांवर सूत्र चालत नाही. तिथे बिंदूमागून बिंदू शोधत जवळची वक्ररेषा बसवावी लागते. मग हे सगळे तुकडे टोकाला टोक जोडून बंद वळी करायची आणि कोणत्या वळ्याच्या आत धातू, कोणत्याच्या आत पोकळी हे ठरवायचे. हॅचिंग भरले जाते ते यानंतर.

छेद फसतो तो बहुधा वळी जोडताना. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या मॉडेलमध्ये दोन पृष्ठांमध्ये केसाएवढी फट असली, तरी वळे बंद होत नाही आणि हॅचिंग येत नाही. प्रतल एखाद्या सपाट पृष्ठाला तंतोतंत चिकटून गेले तर ते पृष्ठ कापलेले मानायचे की न कापलेले, असा पेच कर्नलसमोर उभा राहतो. प्रतल किंचित सरकवले की तो बहुतेकदा सुटतो. एसटीएल फाइलमधून आलेले मॉडेल तर नुसत्या त्रिकोणांचे असते. त्याच्या बोअरचा छेद वर्तुळ न येता बहुकोन येतो आणि त्यावर व्यासाचे माप ठेवता येत नाही. त्रिकोणांच्या मॉडेलवरून कारखान्यासाठी सेक्शन काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑटोकॅडमधली वाट

ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये आले तेव्हा ते कागदी ड्रॉइंगबोर्डची जागा घेणारे साधन होते. छेदातली एकेक रेषा माणसानेच काढायची, फक्त पेन्सिलीऐवजी संगणकावर. थ्रीडी घन नंतर आले आणि छेदाच्या आज्ञा आवृत्तीमागून आवृत्ती वाढत गेल्या. जुन्या आज्ञा अजूनही आत आहेत आणि नवख्याला नेमक्या त्याच आधी सापडतात.

‘सेक्शन’ ही आज्ञा दिली की प्रतल आणि घन जिथे भेटतात तिथली आकृती एका सपाट रीजनच्या रूपात तयार होते. मागच्या कडा नाहीत, मॉडेलशी नाते नाही. एखाद्या जागी छेदाचे क्षेत्रफळ काढायचे असेल तर तिचा उपयोग होतो. ‘स्लाइस’ घनाचे खरोखर दोन तुकडे करते. तिची जागा मॉडेलिंगमध्ये आहे. छेददृश्यासाठी ती वापरू नये.

आत डोकावण्यासाठी ‘सेक्शनप्लेन’ उत्तम. ही आज्ञा २००७च्या आवृत्तीपासून आहे. ती मॉडेलमध्ये एक पारदर्शक पडदा उभा करते. तो एखाद्या पृष्ठावर क्लिक करून ठेवता येतो, दोन बिंदू देऊन ठेवता येतो, ‘ड्रॉ’ पर्यायाने वळणे देत काढता येतो, किंवा ‘ऑर्थोग्राफिक’ पर्यायाने समोरून, वरून, बाजूने असा सरळ बसवता येतो. पडदा निवडून ‘लाइव्हसेक्शन’ चालू केले की अलीकडचा भाग अदृश्य होतो. मग पडदा पकडून पुढेमागे सरकवावा. पंप मी असाच आधी वाचतो: पडदा सक्शनच्या तोंडाकडून हळूहळू मागे नेत गेले की वेअर रिंग, इम्पेलरचा डोळा, पाती, पॅकिंगची जागा एकामागून एक उलगडतात. छेद कुठे घ्यायचा याचा निर्णय या फेरफटक्यात होतो, म्हणून ही पायरी घाईत उरकू नये.

याच पडद्यावरून द्विमितीय किंवा त्रिमितीय ब्लॉकही काढता येतो. पण तो त्या क्षणाची प्रत असतो. मॉडेल बदलले की ब्लॉक मुद्दाम नव्याने काढावा लागतो.

शीटसाठी खरी वाट ‘व्ह्यूबेस’ आणि ‘व्ह्यूसेक्शन’ या जोडीची. पहिली २०१२च्या आवृत्तीत आली, दुसरी २०१३च्या. लेआउटवर जाऊन ‘व्ह्यूबेस’ने मॉडेलचे एक मूळ दृश्य ठेवायचे. मग ‘व्ह्यूसेक्शन’ देऊन ते दृश्य निवडायचे, छेदाचा प्रकार सांगायचा, त्याच्यावर प्रतलाची रेषा काढायची आणि छेददृश्य ओढून जागेवर ठेवायचे. रेषा, बाण, अक्षरे, हॅचिंग, खालचे नाव, सगळे येते आणि मॉडेल बदलले की दृश्यही बदलते. रेषा काढताना ऑब्जेक्ट स्नॅप चालू ठेवून केंद्र पकडायला हवे. नजरेने काढलेली रेषा केंद्रापासून अर्धा मिलीमीटर जरी सरकली तरी छेदातला बोअर खऱ्या व्यासापेक्षा लहान दिसतो आणि ते सहज लक्षात येत नाही.

सुरुवातीलाच ‘व्ह्यूएसटीडी’मध्ये प्रक्षेपाचा कोन तपासावा. भारतात पहिल्या कोनाची पद्धत रूढ आहे, अमेरिकेत तिसऱ्या. सेटिंग चुकले तर दृश्ये उलट बाजूंना जाऊन बसतात आणि डावे-उजवे कळेनासे होते.

सॉलिडवर्क्स आणि फ्रीकॅड

१९९५ साली आलेल्या सॉलिडवर्क्समध्ये आत डोकावणे आणि शीटवर छेददृश्य काढणे हे दोन टप्पे स्पष्ट वेगळे आहेत. मॉडेलच्या खिडकीत ‘सेक्शन व्ह्यू’ दाबले की तात्पुरते कापून दिसते. एकाच वेळी दोन-तीन प्रतले लावून कोपरा उचलल्यासारखे पाहता येते. ड्रॉइंगच्या खिडकीत त्याच नावाचे बटण शीटवरचे छेददृश्य देते. असेंब्लीचा छेद घेताना ‘सेक्शन स्कोप’ची खिडकी उघडते. तिच्यात कोणते भाग कापायचे नाहीत ते सांगायचे असते आणि बोल्ट-नट आपोआप वगळण्याची खूण तिथेच असते. घाईत ती खिडकी न वाचता ओके केल्याने बिघडलेली ड्रॉइंग्ज फार आहेत.

फ्रीकॅड विनामूल्य आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. लायसन्स परवडत नाही अशा लहान वर्कशॉपने आणि विद्यार्थ्याने ते जरूर वापरावे. ‘व्ह्यू’ मेनूतल्या क्लिपिंग प्लेनने आत डोकावता येते, ‘पार्ट’ वर्कबेंच छेदाच्या नुसत्या कडा देते आणि शीटवरचे काम ‘टेकड्रॉ’ वर्कबेंचमध्ये होते. तिथे मूळ दृश्य निवडून छेदाचे अक्षर, पाहण्याची दिशा आणि प्रतलाचा बिंदू द्यायचा. बिंदू आकड्यांत द्यावा लागतो, ही गोष्ट मला आवडते. विचार न करता पुढे जाता येत नाही.

कोणता छेद, कुठे

पंपाच्या असेंब्लीसाठी शाफ्टच्या अक्षातून जाणारा पूर्ण छेद ठरलेलाच. तो पाहून फिटर पंप खोलतो आणि परत बसवतो. पण सगळी माहिती एकाच छेदात कोंबायचा मोह होतो, तो आवरावा.

अर्धा छेद सममित भागांसाठी. कपलिंग किंवा पुली घ्यावी: चतुर्थांश काढून टाकल्याची कल्पना केली की एकाच दृश्यात अर्ध्यात आतला बोअर, अर्ध्यात बाहेरचा आकार दिसतो. दोन अर्ध्यांमध्ये केंद्ररेषा असते, ठळक रेषा नाही. कारण तिथे खरी कड नसते.

केसिंगवरची ड्रेनची आणि हवा सोडण्याची भोके शाफ्टच्या अक्षावर नसतात. ती पकडायला प्रतल पायरीसारखे वळवायचे, यालाच ऑफसेट छेद म्हणतात. प्रतल जिथे वळले तिथे छेदात रेषा येत नाही. फ्लँजची भोके तिरप्या जागी असली तर अलाइन्ड छेद लागतो: तिरपा तुकडा फिरवून सरळ आणायचा, म्हणजे भोकाचे केंद्रापासूनचे अंतर खरे दिसते. अशा वेळी छेद शेजारच्या दृश्याशी रेषेत जुळत नाही. ती चूक नसते, पण माहीत नसलेला माणूस ती ‘दुरुस्त’ करायला जातो.

शाफ्टच्या कीवेसाठी पूर्ण छेदाची गरज नाही. एक छोटी बंद वक्ररेषा काढून तेवढाच तुकडा ठरावीक खोलीपर्यंत उघडायचा, म्हणजे ब्रोकन-आउट सेक्शन.

सर्वांत विचार मागणारी जागा म्हणजे केसिंगची वळणारी वाट, व्होल्यूट. इम्पेलरमधून पाणी परिघावर सगळीकडून बाहेर पडते, म्हणून वाट फिरत जाईल तशी तिच्यात जमणाऱ्या पाण्याबरोबर रुंदावत जाते. कोणताही एक छेद ही वाढ सांगू शकत नाही. म्हणून अक्षाभोवती ठरावीक कोनांवर, बहुधा ४५ अंशांच्या अंतराने आठ, त्रिज्येतून जाणारी प्रतले घेतात आणि प्रत्येकाचा छेद बाजूला क्रमाने मांडतात. पॅटर्नमेकर आणि कोअर करणारा यांना काम करायला हेच आठ छेद लागतात. वाळूचा कोअर ज्या पोकळीचा करायचा, ती पोकळी इथे मापांसह दिसते. मॉडेलवरून सीएनसीवर पॅटर्न कापला जात असला, तरी आलेले कास्टिंग तपासायला हे छेद हवेतच. कोअर सरकला की भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते आणि ते मोजायची जागा छेदच सांगतो.

 

काय कापायचे नाही

सॉफ्टवेअर सर्वांत जास्त चुकते ते इथे. त्याला धातू दिसला की ते कापते. ड्रॉइंगची परंपरा तसे करू देत नाही.

शाफ्ट, बोल्ट, नट, वॉशर, की, पिन, रिव्हेट, बेअरिंगचे बॉल किंवा रोलर हे भाग प्रतलाच्या वाटेत लांबीने आले तरी अखंड दाखवायचे, हॅचिंगविना. कारण सरळ आहे. हे भाग भरीव असतात. कापून आत नवे काही दिसणार नसते. उलट त्यांच्यावर हॅचिंग चढले की शेजारच्या भागांत ते हरवतात. पंपाच्या सेक्शनमध्ये मधोमध कोरा, स्वच्छ शाफ्ट दिसला की नजरेला आधार मिळतो आणि त्याच्याभोवतीचे सारे वाचता येते. हाच शाफ्ट काटकोनात कापला गेला, तर मात्र त्याला हॅचिंग हवे. तिथे कीवेची खोली दाखवायची असते.

असेंब्लीत हे भाग वेगळे घन असतात म्हणून त्यांना वगळता येते. ऑटोकॅडमध्ये दृश्यातला भाग निवडून तो छेदात सहभागी नाही असे सांगता येते, सॉलिडवर्क्समध्ये सेक्शन स्कोप आहेच.

बरगडीचे, म्हणजे रिबचे, दुखणे मोठे आहे. बेअरिंगच्या घराला आधार देणाऱ्या पातळ रिबमधून प्रतल लांबीने गेले आणि रिबवर हॅचिंग आले, तर पाहणाऱ्याला तो सगळा भाग भरीव शंकू वाटतो. वजन, ताकद, ओतकाम, सगळ्याचा अंदाज चुकतो. म्हणून रिब कापायची नाही, तिची बाह्यरेषा काढून आत कोरे ठेवायचे. पण मॉडेलमध्ये रिब आणि घर ‘युनियन’ने एकजीव झालेले असतात. संगणकाला आता रिब नावाचे काही ठाऊकच नसते. सॉलिडवर्क्समध्ये ती ‘रिब’ याच फीचरने बनवली असेल तर सेक्शन स्कोपमधून वगळता येते. साध्या एक्स्ट्रूडने बनवली असेल तर नाही. म्हणजे छेदाचा विचार मॉडेल बनवतानाच करावा लागतो. हे शिकवले जात नाही याची मला खंत वाटते. ऑटोकॅडमध्ये अशा वेळी छेददृश्यातले आपोआप आलेले हॅचिंग दडवून, रिबची हद्द हाताने आखून, उरलेल्या भागात हॅचिंग पुन्हा भरणे हाच मार्ग उरतो. कंटाळवाणे आहे, पण ते करावेच.

इम्पेलरची पाती तर यापुढची परीक्षा घेतात. ती वक्र असतात. अक्षातून जाणारे सपाट प्रतल त्यांना कुठेतरी तिरके छेदते आणि खऱ्या छेदात इम्पेलरच्या दोन तबकड्यांमध्ये धातूची सुटी बेटे उमटतात. त्यांवरून पात्याची रुंदी कळत नाही, ते कुठे सुरू होते नि कुठे संपते तेही नाही. पंपाच्या ड्रॉइंगमध्ये म्हणून निराळीच रीत आहे. पात्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांचा प्रत्येक बिंदू अक्षाभोवती फिरवून छेदाच्या प्रतलात आणायचा आणि पाते कोरे, न कापलेले दाखवायचे. असे दृश्य मॉडेलला कुठेही कापून मिळणार नाही. तरीही पंपाच्या ड्रॉइंगमध्ये हेच दृश्य उपयोगाचे, कारण पात्याची उंची, इम्पेलरचा डोळा आणि बाहेरची रुंदी त्यातच मोजता येते. मेरिडियनल दृश्य म्हणतात ते हेच. पंपाचे ड्रॉइंग काढणाऱ्याने ते स्वतः काढायला शिकलेच पाहिजे.

हॅचिंगची शिस्त

रेषा बारीक, सारख्या अंतरावर आणि शक्यतो ४५ अंशांत. ऑटोकॅडमधला ‘एएनएसआय३१’ हा नमुना बहुतेक कामांना पुरतो. एकाच भागाचे तुकडे छेदात चार ठिकाणी दिसत असतील, तर चारही ठिकाणी दिशा आणि अंतर तेच हवे. केसिंगचा वरचा आणि खालचा तुकडा एकच वस्तू आहे हे डोळा त्यावरून ओळखतो. शेजारच्या भागाला उलट दिशा द्यायची, तिसरा भाग टेकत असेल तर रेषांमधले अंतर किंवा कोन बदलायचा. भागाची कडच ४५ अंशांत असली तर हॅचिंग ३० किंवा ६० अंशांत फिरवावे, नाहीतर कड आणि हॅचिंग मिसळून जातात. गॅस्केटसारखे पातळ भाग सरळ काळे भरायचे. मापाचा आकडा हॅचिंगमध्ये पडत असेल तर त्याच्याभोवती हॅचिंग तोडावे.

इमारतीचा आराखडाही छेदच

छेद फक्त यंत्रांचाच असतो असे नाही. घराचा प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर घेतलेला आडवा छेद. त्यात खिडक्या कापल्या जातात म्हणून दिसतात, वरचे व्हेंटिलेटर दिसत नाहीत. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही उंची आकड्यांत बदलता येते आणि उभ्या छेदाला किती मागेपर्यंत पाहायचे याची मर्यादाही घालता येते. मर्यादा न घातल्यास चार खोल्यांपलीकडची दारेही छेदात येतात. मंजुरीच्या ड्रॉइंगमध्ये निदान एक छेद जिन्यातून जावा अशी राष्ट्रीय इमारत संहितेची अपेक्षा आहे. जिन्यात मजल्यांची उंची, स्लॅबची जाडी आणि डोक्यावरची मोकळी जागा एकत्र दिसते, म्हणून ती रास्त आहे. त्याच्या जोडीने दुसरा छेद टॉयलेटमधून घ्यावा. तिथला खाली उतरवलेला स्लॅब दुसऱ्या कोणत्याही दृश्यात नीट दिसत नाही आणि पुढे गळतीचे भांडण बहुधा त्याच जागेवरून होते.

शीट देण्याआधी

मॉडेलमध्ये शेवटचा बदल झाल्यावर सगळी दृश्ये अपडेट झाली का हे आधी पाहावे. मग बाणांची दिशा: ए–ए च्या बाणांकडून पाहिले तर खरोखर हेच दिसते का? आतली मापे बाहेरच्या दृश्यातल्या तुटक रेषांवर न देता छेदातल्या ठळक कडांवर द्यावीत. दृश्य वाचता येण्यासाठी जितके छेद लागतात तितकेच ठेवावेत. संगणक सी–सी पासून एम–एम पर्यंत काहीही फुकट देतो, पण वाचणाऱ्याचा वेळ त्यात जातो.

शेवटी स्केलचा प्रश्न पाहावा. वेअर रिंग आणि इम्पेलर यांच्यातली फट एका बाजूला ०.२ मिमी धरली, तर १:५ च्या शीटवर ती ०.०४ मिमी होते. प्रमाणित रेषांपैकी सर्वांत बारीक रेषासुद्धा ०.१३ मिमी जाड असते. म्हणजे मॉडेलमध्ये फट अचूक असूनही कागदावर दोन भाग चिकटलेलेच दिसतात आणि पाणी उलटे आत शिरण्याची, पंपाची क्षमता घटवणारी नेमकी जागाच ड्रॉइंगमधून नाहीशी होते. त्या भागाभोवती वर्तुळ काढून १०:१ स्केलचे वेगळे डिटेल द्यावे. तिथे ती फट २ मिमीची दिसेल आणि तिच्यावर माप व टॉलरन्स लिहायला जागा मिळेल.